डिकी किती लिटरची, आणि पेट्या किती मावतात?

मे महिन्यात मांडवीहून मुंबई-पुण्याच्या गाड्या परतीला लागतात, तेव्हा डिकीत काय असतं हे रत्नागिरीकरांना सांगायला नको. हापूसच्या पेट्या, नारळ, कोकम, एखादा फणस, घरचे तांदूळ आणि वर सगळ्यांच्या बॅगा. तरीही नवी गाडी घेताना मायलेज, किंमत, रंग यांवर आठ-आठ दिवस चर्चा होते आणि डिकीचा विषय माहितीपत्रकातला एक आकडा वाचून मिटतो. त्या आकड्याभोवतीचे काही गैरसमज गाडी ठरवण्याआधीच दूर झालेले बरे.

गैरसमज १ : लिटर जास्त म्हणजे पेट्या जास्त.

वस्तुस्थिती : लिटर हे आकारमान आहे. ‘व्हीडीए’ या प्रचलित जर्मन पद्धतीत २० × १० × ५ सेंटिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे डिकीत रचून मोजतात. असा ठोकळा कोपऱ्यात, सांदीत, चाकाच्या फुगवट्यामागेही बसतो. आंब्याची पेटी तिथे बसत नाही.

हिशेब करून पाहा. समजा डिकी ९५ सेंमी रुंद, ७० सेंमी खोल आणि झाकणाच्या फळीपर्यंत ४५ सेंमी उंच आहे. हे झाले सुमारे ३०० लिटर. पेटी ४५ × ३० × ३० सेंमीची, म्हणजे साधारण ४० लिटरची धरू. भागाकार सात पेट्या सांगतो. प्रत्यक्षात रुंदीत दोन आणि खोलीत दोन अशा चारच बसतात, कारण वर उरलेल्या १५ सेंमीत दुसरा थर मावत नाही. तीच पेटी २० सेंमी उंचीची असती, तर दोन थर लागून आठ बसल्या असत्या. म्हणून लिटरपेक्षा लांबी, रुंदी, उंची ही तीन मापं महत्त्वाची.

गैरसमज २ : सगळ्या कंपन्यांचे आकडे थेट ताडून पाहता येतात.

वस्तुस्थिती : कोणी मागच्या फळीपर्यंत मोजतं, कोणी छतापर्यंत. आसनं उभी की दुमडलेली, यानेही आकडा बदलतो. मारुती अर्टिगाचंच पाहा. तिन्ही रांगा उभ्या असताना २०९ लिटर, तिसरी रांग दुमडली की ५५०, दुसरीही दुमडली की ८०३. रेनो ट्रायबरमध्ये सातही आसनं असताना फक्त ८४ लिटर उरतात आणि तिसरी रांग काढली की ६२५ होतात. सात जण आणि सात जणांचं सामान अशी अपेक्षा असेल तर मोठा आकडा तुमच्या कामाचा नाही. तुमच्या घरची माणसं बसल्यावर काय उरतं, तेवढंच विचारा.

गैरसमज ३ : एसयूव्ही घेतली की डिकी मोठी मिळतेच.

वस्तुस्थिती : चार मीटरच्या आतल्या गाड्यांत उलटही दिसतं. मारुती ब्रेझाची डिकी ३२८ लिटरची आहे. २०२४ मध्ये आलेल्या नव्या डिझायरची ३८२ आणि त्याच वर्षीच्या नव्या होंडा अमेझची ४१६. म्हणजे आकड्यात सेडान पुढे. पण सेडानच्या डिकीचं तोंड अरुंद असतं, काही गाड्यांत झाकणाचे वाकडे दांडे बंद होताना आत उतरतात, आणि उंच वस्तू, मोठा फणस तिथे अडतो. एसयूव्हीत किंवा हॅचबॅकमध्ये फळी काढून वरपर्यंत भरता येतं. मात्र आसनांच्या पाठीपेक्षा उंच रचलेलं सामान बांधलेलं नसेल, तर करकचून ब्रेक लागताच ते माणसांच्या डोक्यावर येतं.

गैरसमज ४ : सीएनजी घेतली तरी डिकी तीच.

वस्तुस्थिती : एकच मोठी टाकी डिकीत असेल तर बॅग ठेवायलाही जागा शोधावी लागते. टाटाने दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवून बरीच जागा वाचवली, तरी फरक राहतोच. अल्ट्रोझची डिकी पेट्रोलमध्ये ३४५ लिटर आणि सीएनजीत २१०. पंचची ३६६ आणि २१०. जे मॉडेल आणि जे इंधन घ्यायचं आहे, त्याच गाडीची डिकी उघडून पाहा.

गैरसमज ५ : मावलं म्हणजे चाललं.

वस्तुस्थिती : जागेइतकीच वजनालाही मर्यादा असते. मालकाच्या पुस्तिकेत भरलेल्या गाडीचं कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते कळतं. पाच डझनांची पेटी घ्या. अडीचशे ग्रॅमचं एक फळ धरलं तर आंबेच १५ किलो. लाकूड आणि पेंढा वेगळा. अशा सहा पेट्या शंभर किलोच्या पुढे जातात. पाच मोठी माणसं म्हणजे आणखी सव्वातीनशे किलो. लहान गाडीची मर्यादा इथेच गाठली जाते, बॅगा अजून बाहेरच आहेत.

मागे भार वाढला की गाडीचं नाक उचलतं, दिव्यांचा झोत वर जातो, ब्रेकला अंतर जास्त लागतं. हातखंब्याहून आंबा घाटाकडे निघालेल्या गाडीला हे परवडणारं नाही. जड पेट्या तळाशी, आसनाच्या पाठीला टेकवून ठेवा. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर पूर्ण भारासाठी दिलेला हवेचा दाब टायरमध्ये भरून घ्या. जादा सामान छतावरच्या कॅरियरवर टाकायचं ठरवलंत, तर त्याचीही मर्यादा पुस्तिकेत पाहा. शोभेच्या रेल्स भार पेलण्यासाठी नसतात.

गाडी पाहायला जाताना मोजपट्टी आणि एक रिकामी पेटी सोबत न्या. डिकीच्या तोंडाची रुंदी, चाकांच्या फुगवट्यांमधलं अंतर, उंबरठ्याची जमिनीपासूनची उंची मोजा. स्टेपनी तळाखाली असेल तर ती काढायला सगळं सामान उतरवावं लागेल, हेही लक्षात घ्या. मग पेटी प्रत्यक्ष आत ठेवून पाहा. विक्रेत्याला संकोच वाटला तरी तुम्ही संकोचू नका. गाडी दहा वर्षं वापरायची आहे आणि दर मे महिन्यात ती भरायची आहे.