यादी बॉडीत, नातं टेबलाशी

सकाळी ७:३०. कापूस खरेदीच्या नोंदीचं पान काकांच्या मोबाइलवर उघडून दिलं. त्यांनी शेतकऱ्याच्या ओळीतल्या ‘वाण’च्या बटणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “अरे, यादी अर्धीच दिसून राह्यली ना!” खालची नावं टेबलाच्या कडेला कापली जात होती.

९:००. टेबल आडवं सरकावं म्हणून त्याच्या चौकटीला ओव्हरफ्लो ऑटो दिलंय. चौकटीबाहेर गेलेलं ब्राउझर कापतोच. झेड-इंडेक्स वाढवून काही होत नाही. तो फक्त कोण वर, कोण खाली एवढं ठरवतो. यादीच टेबलातून काढून थेट बॉडीत ठेवायला हवी. २०१७ मध्ये आलेल्या रिअॅक्ट १६ मध्ये त्यासाठी क्रिएटपोर्टल आहे, व्ह्यू ३ मध्ये टेलिपोर्ट.

११:००. क्रिएटपोर्टलमुळे यादी पूर्ण दिसतेय, पण पानाच्या तळाशी. बटणाची जागा मोजून तिला तिथं आणलं. टेबल सरकलं की पुन्हा मोजायचं.

दुपारी २:००. खरी गोम आता. वाणावर क्लिक केलं की निवड होण्याआधीच यादी मिटते. ‘बाहेर क्लिक झालं तर मिटव’ हा कोड डॉमला विचारतो आणि डॉमच्या लेखी यादी बाहेरच आहे. यादीचा संदर्भही त्या तपासणीत घातला. मग निवड झाली, पण सोबत ओळीवर क्लिक केल्यावर दिसणारा शेतकऱ्याचा तपशीलही उघडला. कारण क्लिकची घटना रिअॅक्टच्या झाडातून वर जाते आणि तिथं यादीची आई अजून तीच ओळ आहे. नोकरीसाठी नागपुरात राहणाऱ्या पोराचं नाव समुद्रपूरच्या रेशनकार्डावर असतं, तसं. मला ही रचना मनापासून पटते. तिच्यामुळेच भाषा, थीमसारखा कॉन्टेक्स्ट यादीपर्यंत पोचतो. घटना अडवली नाही. क्लिक खरंच आपल्या डॉममध्ये झालं का, हे ओळीलाच तपासायला लावलं.

संध्याकाळी ५:००. ‘पावती रद्द करायची?’ या खिडकीला पोर्टल वापरलं नाही. डायलॉग एलिमेंट शोमोडलने उघडला की ब्राउझर त्याला सगळ्यांच्या वरच्या थरात नेतो, एस्केपने मिटवतो, मागचं पान निष्क्रिय करतो. मार्च २०२२ पासून तो सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतो. यादीत मात्र फोकस नेणं आणि बटणावर परत आणणं माझ्याच माथी.

पोर्टल वापरणाऱ्यांनो, काम सोपवण्याआधी माउस बाजूला ठेवा आणि अख्खं पान फक्त टॅब, एंटर, एस्केपवर चालवून बघा. स्क्रीन रीडरवर विसंबणारा माणूसही याच यादीतून वाण निवडणार आहे.