मामाची ट्रायमरान आणि माझी एपॉक्सी

मी कॉन्व्हेंटवाला, मराठी सांभाळून घ्या!

सुट्टीत फ्लोरिडाला मामाकडे गेलो होतो. त्याची एक जुनी, छोटी ट्रायमरान आहे. म्हणजे मधे शिडाची होडी आणि दोन्ही बाजूंना एकेक फ्लोट. कोकणात होडीला एका बाजूला उलांडी असते, इथे दोन्हीकडे. वाऱ्याने होडी कलली की त्या बाजूचा फ्लोट पाण्यात दबतो आणि तिला वर रेटतो. हा रेटा गुणिले मधल्या होडीपासूनचं अंतर, म्हणजे होडी सावरणारा मोमेंट. फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स!

मामाला नवी जाळी आणि कुशन बसवायचं होतं. मी म्हटलं, "मामा, आधी फ्लोट बघू." झाकण उघडलं तर आत पाणी! आतला प्रत्येक लिटर म्हणजे किलोभर उचल कमी. आणि माझी आठ वर्षांची मामेबहीण याच होडीत बसते.

चीर सापडली. मी ऐटीत एपॉक्सी लावली. दुसऱ्या दिवशी खपली हातात! फ्लोट पॉलिथीनचा, त्याला एपॉक्सी नीट धरतच नाही. मग त्याच प्लास्टिकची कांडी गरम हवेने वितळवून वेल्डिंग केलं.

आडव्या दांड्या ॲल्युमिनियमच्या, बोल्ट स्टेनलेसचे. खाऱ्या पाण्यात या जोडीची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. मधे नायलॉनचे वॉशर आणि स्लीव्ह घातल्या.

आठवड्याने फिरून आलो, झाकण उघडलं. आत कोरडं ठक्क!

कुशन अजून घ्यायचंय. असो, आधी तरंगणं, मग सजावट.