जुन्या फ्रेंच डिझेल मोटारीची स्वतः देखभाल व दोषनिदान : 'एक्सयूडी' इंजिनाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

मोटार बिघडल्यानंतर तिच्या मालकासमोर दोन स्वतंत्र प्रश्न उभे राहतात. बिघाड कोठे आहे, हा पहिला आणि तो कसा दूर करावयाचा, हा दुसरा. व्यवहारात या दोहोंची गल्लत होते. निदान पूर्ण होण्याआधीच सुटे भाग बदलण्यास प्रारंभ होतो आणि तीन भाग बदलूनही गाडी सकाळी सुरू होत नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांतील फ्रेंच डिझेल मोटारी या दृष्टीने अभ्यासण्याजोग्या आहेत. मोजके विद्युत भाग वगळता त्यांच्या इंजिनाचे कार्य यांत्रिक आहे. त्यामुळे डोळे, कान आणि बारा व्होल्टचा एक साधा दिवा एवढ्या साधनांनी दोषाचा माग काढता येतो. इंजिन सुरू न होणे या सर्वांत त्रासदायक तक्रारीच्या आधारे या निदानाचा क्रम स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :

प्यूजो कंपनीचे 'एक्सयूडी' इंजिन १९८२ साली बाजारात आले. ईशान्य फ्रान्समधील लोरेन प्रदेशात त्रेमेरी येथे ते तयार होत असे. १७६९ आणि १९०५ घन सेंटीमीटर क्षमतेची त्याची रूपे प्यूजोच्या २०५, ३०९, ४०५ व ३०६ या गाड्यांत आणि सित्रोएनच्या बीएक्स, झेडएक्स व क्सांतिया यांत बसविली गेली. फ्रान्समध्ये डिझेलवरील कर दीर्घकाळ पेट्रोलपेक्षा कमी राहिल्याने तेथील मध्यमवर्गाने डिझेल मोटार आपलीशी केली. १९९८ मध्ये संगणकनियंत्रित 'एचडीआय' इंजिने आली आणि जुन्या यांत्रिक इंजिनाचा काळ सरत गेला. मात्र रस्त्यावरील गाड्या लगेच नाहीशा झाल्या नाहीत. फ्रान्समध्ये १९४६ साली सुरू झालेले 'रव्ह्यू तेक्निक ऑटोमोबिल' आणि ब्रिटनमधील हेन्स प्रकाशनाच्या दुरुस्तीपुस्तिका यांच्या आधारे घराच्या अंगणात बॉनेट उघडणाऱ्या मालकांचा एक वर्ग दोन्ही देशांत होता. या गाड्यांच्या दीर्घायुष्यात त्याचाही वाटा आहे.

महाराष्ट्राशी या घराण्याचा संबंध कल्याणमार्गे येतो. प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि प्यूजो यांच्या पाल-प्यूजो या संयुक्त कंपनीने १९९४ ते १९९७ या काळात प्यूजो ३०९ तेथे तयार केली. तिच्या डिझेल आवृत्तीत एक्सयूडी नव्हते, तर १५२७ घन सेंटीमीटरचे 'टीयूडी ५' हे धाकटे इंजिन होते. तेच पुढे मारुतीच्या झेन आणि एस्टीम यांच्या डिझेल आवृत्त्यांत आले. पुढील विवेचन तत्त्वतः त्या इंजिनालाही लागू पडते; मापे व खुणा मात्र वेगळ्या आहेत.

पहिले निरीक्षण – धूर :

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे तेविसाव्या भागापर्यंत दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि नेमक्या क्षणी फवारलेले डिझेल पेट घेते. एक्सयूडीमध्ये ही फवारणी थेट सिलिंडरात न होता डोक्यातील एका लहान कक्षात होते. या कक्षाच्या थंड भिंती हवेची उष्णता शोषून घेतात, म्हणून सकाळच्या वेळी ग्लो प्लगची मदत लागते. आपल्याकडील गॅरेजमध्ये यालाच हीटर प्लग म्हणतात.

याचा अर्थ असा की, इंजिनाला दाबलेली तप्त हवा आणि वेळेवर येणारे इंधन या दोनच गोष्टी हव्या असतात. म्हणून स्टार्टर फिरत असताना एका व्यक्तीने गाडीच्या मागे उभे राहून सायलेन्सरकडे पाहावे. पांढरट धूर येत असेल, तर इंधन पोहोचत आहे पण जळत नाही. धूर अजिबात नसेल, तर इंधनच पोहोचत नाही. एवढ्या एका निरीक्षणाने संशयाचे क्षेत्र निम्म्यावर येते, आणि त्याला खर्च काही नाही. तरीही हे निरीक्षण क्वचितच केले जाते; बहुधा पहिला आरोप इंधनपंपावर ठेवला जातो, कारण तो सर्वांत गुंतागुंतीचा आणि सर्वांत महाग भाग आहे.

धूर नसल्यास :

प्रथम पंपावरील बंद-झडपेचा विचार करावा. चावी फिरविताच या झडपेचा 'टक्' असा आवाज यावयास हवा. आवाज नसेल, तर तिच्या टोकाशी वीज येते की नाही हे दिव्याने तपासावे. वीज नसेल, तर दोष तारेत किंवा चावीच्या स्विचमध्ये आहे. पंपाचा त्यात काही संबंध नाही.

आवाज येत असेल, तर संशय हवेवर जातो. 'गाडीने एअर घेतली' हा मेकॅनिकांचा शब्दप्रयोग येथे शब्दशः खरा ठरतो. या गाड्यांच्या टाकीत डिझेल ढकलणारा वेगळा पंप नसतो. इंजिनावरील पंपच टाकीपासून डिझेल ओढून घेतो. त्यामुळे टाकी ते पंप या संपूर्ण नळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. परिणामी नळीला सूक्ष्म भेग पडली, तरी डिझेल बाहेर न गळता हवा आत शिरते. गळती शोधणारा मनुष्य ओला डाग शोधत राहतो आणि डाग तर कोठेच नसतो! रात्रभरात ही हवा वर चढते, डिझेल टाकीकडे परत उतरते आणि सकाळी इंजिन नळीत उरलेल्या इंधनावर क्षणभर सुरू होऊन बंद पडते.

याची कसोटी सोपी आहे. सकाळी चावी लावण्यापूर्वी फिल्टरजवळील हातपंप, किंवा नळीतील रबरी फुगा, कडक लागेपर्यंत दाबावा. त्यानंतर इंजिन तत्काळ सुरू झाले, तर पंप निर्दोष आहे आणि हवा शिरत आहे, हे जवळपास निश्चित होते. पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडल्यास बुडबुडे प्रत्यक्ष दिसतात. तोच तुकडा फिल्टरच्या अलीकडे जोडून पुन्हा पाहिले की दोष फिल्टरच्या कोणत्या बाजूस आहे, हे समजते. फिल्टरची रबरी कडी, नळ्यांच्या क्लिपा, खुद्द हातपंप आणि नोझलांना एकमेकांशी जोडणाऱ्या परतीच्या बारीक कापडी नळ्या ही नेहमीची ठिकाणे होत. शेवटच्या नोझलवरील रबरी टोपी चिरली, तरी हाच परिणाम होतो. महागडा पंप बदलूनही दोष तसाच राहण्यामागे पुष्कळदा अशीच एखादी क्षुल्लक वस्तू असते.

धूर असूनही इंजिन न पेटल्यास :

येथे उष्णतेचा शोध घ्यावा. चारही ग्लो प्लगांना जोडणारी पट्टी सोडवावी, दिव्याचे एक टोक बॅटरीच्या धन अग्राला आणि दुसरे एकेका प्लगच्या टोकाला लावावे. दिवा पेटला नाही, तर तो प्लग जळालेला आहे. प्लग उत्तम असतील, तर त्यांच्यापर्यंत वीज पोहोचविणारा रिले तपासावा. एकच प्लग निकामी असताना इंजिन सुरू होते, परंतु पहिले काही क्षण थरथरते आणि पांढरा धूर सोडते. तापल्यावर तक्रार नाहीशी होते. बॅटरी अशक्त होऊन स्टार्टर मंद फिरत असेल, तरीही दाबलेली हवा पुरेशी तापत नाही, हे विसरू नये.

इंजिन तापल्यानंतरही एखादा सिलिंडर साथ देत नसेल, तर मंद गतीवर एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करावा. ज्याचा नट सैल केल्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर दोषी. मात्र नोझलमधील दाब शंभर बारहून अधिक असतो. त्या दाबाची बारीक धार त्वचा भेदून शरीरात शिरू शकते. हात दूर ठेवावा, चष्मा लावावा आणि जागेवर जुने फडके टाकावे.

पाणी आणि पट्टा :

एक्सयूडीचा ब्लॉक बिडाचा, तर डोके ॲल्युमिनियमचे. इंजिन एकदा उकळले की या दोन धातूंमधील हेड गॅस्केट धोक्यात येते. पाणी बदलल्यावर नळ्यांवरील स्क्रू सोडून अडकलेली हवा काढली नाही, तर नवे पाणी भरूनही इंजिन उकळते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या पाण्याच्या नळ्या सकाळीही टणक लागल्या, तर गॅस्केटची चिंता करावी. गॅस्केट वेगवेगळ्या जाडीचे मिळते आणि जाडी त्याच्या कडेवरील खाचांवरून ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो, हे मोजल्याशिवाय ते निवडता येत नाही.

टायमिंग बेल्टच्या बाबतीत कंजुषी परवडत नाही. डिझेलमध्ये पिस्टन व व्हॉल्व्ह यांतील अंतर अत्यल्प असते. पट्टा तुटताच ते एकमेकांवर आदळतात. एक्सयूडीत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर चालतो, म्हणून पट्ट्याबरोबर तोही बदलणे शहाणपणाचे. सुदैवाने रचनाकारांनी मालकाचा विचार केलेला दिसतो. कॅमशाफ्ट आणि इंधनपंप यांची चाके साध्या आठ मिलिमीटर बोल्टांनी आणि फ्लायव्हील तेवढ्याच व्यासाच्या खिळीने जागेवर अडकविता येतात. पट्टा बसविल्यावर हे बोल्ट काढून इंजिन पान्याने, हाताने, दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि बोल्ट पुन्हा बिनतक्रार बसतात का, हे पाहावे. स्टार्टरला हात त्यानंतरच लावावा.

घरगुती दुरुस्तीची मर्यादा :

केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये. बीएक्स आणि क्सांतिया यांना हा नियम अधिकच लागू आहे, कारण त्यांची तेल-वायूची झुलती बैठक दाब उतरताच खाली येते. या बैठकीत फक्त 'एलएचएम' हे हिरवे खनिज तेल चालते. नेहमीचे ब्रेक ऑइल घातल्यास तिच्यातील रबरी सील खराब होतात.

इंधनपंपाचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो. धूर, झडप, हवा, उष्णता, सिलिंडरमधील दाब आणि पट्ट्याच्या खुणा तपासून झाल्यावरच त्याच्याकडे बोट दाखवावे. तेव्हाही तो घरी उघडू नये. त्यातील भाग अत्यंत सूक्ष्म मापाने एकमेकांत बसविलेले असतात आणि पुन्हा जोडल्यावर इंधनाचे प्रमाण चाचणीयंत्रावरच जुळविता येते. मालकाने पंप उतरविण्यापूर्वी त्याच्या बैठकीवर आणि इंजिनावर जुळणारी रेघ ओढून ठेवावी, त्याची तोंडे स्वच्छ फडक्याने बंद करावीत आणि तो पंपाच्या कारागिराकडे न्यावा.