बांबोळीत दगावलेलं बाळ कुणाच्या हिशेबात?

केरळचा अर्भक मृत्युदर हजारी ५, अमेरिकेचा ५.६. सप्टेंबर २०२५ मध्ये नमुना नोंदणी पद्धतीचा २०२३ चा अहवाल आला आणि हा मथळा सगळीकडे झळकला. त्याच अहवालात देशाचा दर २५, महाराष्ट्राचा १४. केरळचं यश खरं आहे आणि त्यामागे कित्येक दशकांची मेहनत आहे. पण अमेरिकेशी तुलना करण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. बाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं, दोन-चार श्वास घेऊन गेलेलं मूल त्या-त्या ठिकाणी कुठल्या रकान्यात लिहितात?

श्वास, हृदयाचा ठोका, नाळेची धडधड, यांपैकी एकही खूण दिसली तरी तो जिवंत जन्म, अशी जागतिक आरोग्य संघटनेची १९५० ची व्याख्या आहे. सोव्हिएत संघात मात्र २८ आठवड्यांआधी जन्मलेलं, हजार ग्रॅमपेक्षा हलकं आणि ३५ सेंटिमीटरहून आखूड मूल सात दिवसांत गेलं, तर ते जिवंत जन्मांत धरतच नसत. स्वतंत्र झालेल्या बाल्टिक देशांनी जागतिक व्याख्या स्वीकारली आणि त्यांचा दर कागदावर वर गेला. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत नोंदणीआधी दगावलेलं मूल मृत जन्मलेल्यांत जमा होई.

पण म्हणून अमेरिकेला माफी मिळत नाही. २०१० च्या आकड्यांतून २४ आठवड्यांआधीचे जन्म वगळले तेव्हा तिचा दर ६.१ वरून ४.२ वर आला. तरीही तो फिनलंड-डेन्मार्कच्या दुप्पट होता.

आपल्याकडे प्रश्न आणखी आधी सुरू होतो: मृत्यू नोंदवला तरी जातो का? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८८ पासून गडचिरोलीच्या खेड्यांत घरोघर जाऊन जन्म आणि मृत्यू मोजले. अर्भक मृत्युदर निघाला १२१. हा आकडा भयंकर होता, पण खरा होता. आजार कळला म्हणून उपचार सुचला. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली गेली, तो प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि दर पुढे ३० पर्यंत उतरला. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यभरातल्या सरकारी नोंदींची गळती दाखवली आणि वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास बालमृत्यूंचा अंदाज मांडला. प्रामाणिकपणे मोजणारा पहिल्यांदा वाईटच दिसतो. बंग दांपत्याने तो वाईटपणा घेतला, हे त्यांचं मोठं काम.

सुरुवातीचे आकडे ज्या नमुना नोंदणीतून आले, तिच्यात दुहेरी मोजणी असते. गावातली अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक वर्षभर नोंदी ठेवतात, पर्यवेक्षक सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे घरं फिरतो आणि मग दोन्ही याद्या ताडून पाहतात. पद्धत चांगली, पण ती जिल्ह्याचा दर देत नाही. गोव्यासारख्या लहान राज्याचा दरही तीन वर्षांच्या आकड्यांवरून काढावा लागतो.

सिंधुदुर्गाची अडचण इथेच आहे. समजा, आचऱ्याच्या बाईचं बाळ कमी दिवसांचं झालं. मालवणहून ओरोस, तिथून बांदा-पत्रादेवी ओलांडून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, हा रस्ता इथल्या घरांना पाठ आहे. बाळ तिथे दगावलं तर मृत्यूची नोंद गोव्यात, कारण जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे घटना जिथे घडते तिथेच ती नोंदवतात. जन्म सिंधुदुर्गात, मृत्यू परराज्यात. पहिलं बाळंतपण माहेरी किंवा मुंबईत झालं की जन्मसुद्धा दुसरीकडे. आरोग्य खात्याचे मासिक अहवालही दवाखान्यानुसारच भरले जातात. अशा आकड्यांवर जिल्ह्याची पाठ थोपटणं चूक आहे. ज्या जिल्ह्यातले अत्यवस्थ रुग्ण बाहेर जातात, त्याचे मृत्यू कागदावर कमीच दिसणार.

यावर उपाय अवघड नाही. जन्माच्या अर्जात आईच्या राहण्याचं गाव विचारतात, मृत्यूच्या अर्जात मृताचं. हे रकाने दोन्ही राज्यांत भरले जातात. जिल्हा परिषदेने गोवा आणि कोल्हापूरकडून सिंधुदुर्गातल्या अर्भकांच्या मृत्यूंची यादी दरवर्षी मागवावी, गावांप्रमाणे लावावी आणि जाहीर करावी. आकडा वाढेल, वाढू द्यावा.

घरच्यांनीही एक करावं. बाळ तासाभरात गेलं, तरी त्याचा जन्म आणि मृत्यू, दोन्ही नोंदवावेत. एकवीस दिवसांच्या आत नोंदणीला पैसे पडत नाहीत. श्वास घेतलेलं मूल कुणी ‘उपजत मृत्यू’त लिहू लागलं, तर तिथेच हरकत घ्यावी.