युरोपात बंदी आलेलं ‘टीपीओ’ काय आहे? जेल नेलपॉलिश लावणाऱ्यांनी घाबरावं का?

सप्टेंबर २०२५च्या सुरुवातीला सोशल मीडियावर एक बातमी रील्समधून जोरात फिरली. ‘युरोपात जेल नेलपॉलिशवर बंदी!’ काही व्हिडिओंनी तर जेल लावणाऱ्या बायकांना मूल होणार नाही, इथपर्यंत मजल मारली.

प्रत्यक्षात बंदी जेल नेलपॉलिशवर आलेली नाही. तिच्यातल्या एका घटकावर आली आहे. त्याचं पूर्ण नाव ट्रायमेथिलबेंझॉइल डायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइड, थोडक्यात टीपीओ. १ सप्टेंबर २०२५पासून युरोपीय संघातल्या देशांत हा घटक असलेलं कोणतंही सौंदर्यप्रसाधन विकता येत नाही आणि सलूनमध्ये ग्राहकाच्या नखांना लावताही येत नाही. जुना साठा संपवण्यासाठी वेगळी मुदतही दिलेली नाही. म्हणजे ३१ ऑगस्टला चालणारी बाटली १ सप्टेंबरला बेकायदा ठरली.

टीपीओ नेमकं करतं काय?

साधी नेलपॉलिश हवेवर सुकते. तिच्यातली इथाइल अ‍ॅसिटेट, ब्युटाइल अ‍ॅसिटेट यांसारखी द्रावणं उडून जातात आणि मागे रंगाचा पातळ थर उरतो. जेलचं तसं नाही. ते कितीही वेळ हवेवर ठेवलं तरी चिकटच राहतं. हात यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली धरला की मात्र काही सेकंदांत ते टणक होतं.

हे घडवून आणणारा घटक म्हणजे टीपीओ. प्रकाश पडला की त्याचा रेणू तुटतो आणि ते तुकडे जेलमधल्या छोट्या रेणूंना एकमेकांशी जोडायला सुरुवात करतात. एकदा साखळी सुरू झाली की सगळा थर घट्ट होतो. शिवाय टीपीओमुळे जेल पिवळं पडत नाही, म्हणून पांढऱ्या आणि फिकट छटांसाठी ते उत्पादकांच्या विशेष आवडीचं होतं. साध्या नेलपॉलिशला दिवा लागत नाही, त्यामुळे तिच्यात टीपीओची गरजच नसते.

मग बंदी का आली?

प्राण्यांवरच्या प्रयोगांत टीपीओ मोठ्या मात्रेत पोटात दिल्यावर प्रजननक्षमतेवर वाईट परिणाम दिसले. त्यावरून युरोपीय संघानं या रसायनाचं वर्गीकरण बदललं. आधी ते ‘संशयित’ गटात होतं. नंतर ते प्रजननासाठी घातक मानल्या जाणाऱ्या ‘१बी’ या वरच्या गटात गेलं.

रील्समध्ये जी गल्लत झाली ती इथेच. एखादी विहीर खोल आहे, ही एक गोष्ट. तिच्यात कुणी पडण्याची शक्यता किती, ही दुसरी. विहिरीला कठडा असेल तर खोली तेवढीच राहते, पण धोका कमी होतो. ‘१बी’ हे वर्गीकरण फक्त विहिरीची खोली सांगतं. नखावर लावलेल्या आणि नीट कडक झालेल्या जेलमधून शरीरात किती टीपीओ जातं, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नसतो. तो प्रश्न युरोपच्याच ग्राहक सुरक्षेच्या वैज्ञानिक समितीनं २०१४ मध्ये पाहिला होता. नखांच्या उत्पादनांत ५ टक्क्यांपर्यंत टीपीओ सुरक्षित आहे, असं तिचं मत होतं. त्यानंतर ते व्यावसायिक वापरापुरतं आणि त्या मर्यादेत चालूही होतं.

पण युरोपचा सौंदर्यप्रसाधन कायदा अशा वेळी थांबत नाही. एखादा पदार्थ कर्करोग, जनुकीय बदल किंवा प्रजननाच्या धोक्याबाबत वरच्या गटांत गेला की सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी ठरलेलीच असते. सवलत मिळू शकते, पण तिच्या अटी कडक आहेत. त्यातली एक म्हणजे त्या पदार्थाला योग्य पर्यायच नसावा. टीपीओला पर्याय आहेत. त्यामुळे जेल लावल्यानं एखाद्या बाईला अपाय झाल्याचं सिद्ध होण्याची वाट या कायद्यानं पाहिली नाही. नखांच्या रंगासारख्या चैनीच्या गोष्टीत शंकेचा फायदा माणसाला द्यावा, रसायनाला नव्हे, असा हा हिशेब आहे आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. दातांच्या फिलिंगच्या काही साहित्यातही टीपीओ वापरतात. ते वैद्यकीय साधन असल्यानं या बंदीच्या बाहेर आहे.

रोजचं नुकसान दुसऱ्याच रसायनामुळे

गंमत अशी, की ज्या घटकामुळे माणसांना खरोखर त्रास झाल्याची नोंद त्वचारोगतज्ज्ञांकडे आहे, त्याची चर्चा टीपीओइतकी होत नाही. त्याचं लघुनाम हेमा. नाव ओळखीचं वाटलं तरी हे हायड्रॉक्सिइथाइल मेथाक्रिलेट आहे. अनेक जेलमध्ये ते असतं आणि त्यामुळे जेल नखाला घट्ट धरून राहतं.

कडक झालेलं जेल सहसा त्रास देत नाही. त्रास देतं ते कच्चं जेल. ते नखाशेजारच्या कातडीवर पुन्हा पुन्हा लागलं की शरीर त्याला शत्रू समजू लागतं. बोटांच्या टोकांना खाज, भेगा, फोड येतात, नख त्वचेपासून सुटतं. कधी पुरळ पापण्यांवर आणि गालांवर उठतं, कारण हात तोंडाला लागतात. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. याच कुळातली रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये, सांधेरोपणाच्या सिमेंटमध्ये आणि मधुमेहींच्या काही सेन्सरच्या चिकटपट्टीतही असतात. म्हणजे विशीत हौसेनं केलेल्या नेल आर्टचा हिशेब साठीत गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी समोर येऊ शकतो.

ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. २०२०च्या नियमानं युरोपीय संघानं नखांच्या उत्पादनांत हेमा फक्त व्यावसायिक वापरापुरतं ठेवलं आणि अ‍ॅलर्जीचा इशारा छापणं सक्तीचं केलं. बंदी मात्र नाही.

सगळ्यात जास्त झळ ग्राहकाला नाही, तर काम करणाऱ्या मुलीला बसते. ग्राहक दोन-तीन आठवड्यांनी एकदा येते. ती दिवसभर कच्चं जेल हाताळते आणि घासताना उडणारी धूळ श्वासात घेते. पातळ हातमोजेही पुरत नाहीत, कारण ही रसायनं काही मिनिटांत त्यांच्या आरपार जातात. म्हणून मोजे वरचेवर बदलावे लागतात. घरच्या किटमध्ये आणखी एक अडचण असते. एका कंपनीचं जेल आणि दुसऱ्या कंपनीचा दिवा जुळला नाही, तर वरचा थर कडक होतो आणि आतला कच्चाच राहतो.

भारतात काय स्थिती आहे?

युरोपचा नियम भारतात लागू नाही. इथं सौंदर्य प्रसाधने नियम, २०२० चालतात. उत्पादनाचा परवाना राज्याकडून मिळतो, महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडून. आयात मालाची नोंदणी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे करावी लागते. कोणते घटक चालतील आणि कोणते नाहीत, याच्या याद्या भारतीय मानक ब्युरोच्या ‘आयएस ४७०७’ या मानकात आहेत. युरोपात एखादा घटक बाद झाला म्हणून इथली यादी आपोआप बदलत नाही.

लेबलवर घटकांची नावं छापणं भारतातही बंधनकारक आहे. ज्या बाटलीवर ती नाहीत, तिच्यात काय आहे हे पार्लरवालीलाही कळत नाही. नावं असतील तर ‘ट्रायमेथिलबेंझॉइल डायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइड’ म्हणजे टीपीओ. त्याच्यासारखंच दिसणारं ‘इथाइल ट्रायमेथिलबेंझॉइल फिनाइलफॉस्फिनेट’ हे वेगळं रसायन आहे. बाजारात त्याला ‘टीपीओ-एल’ म्हणतात आणि युरोपच्या या बंदीत ते येत नाही. आणि ‘टीपीओ-मुक्त’ लिहिलेल्या बाटलीतही हेमा असू शकतं.