खाकीतून काळ्या कोटात, आणि तिथून कादंबरीत

रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणात गुन्हेगार सगळ्यांसमक्ष कबुली देतो, फौजदार बेड्या ठोकतो आणि पुस्तक संपतं. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-छोटूच्या काळापासून मराठी वाचकाला हा शेवट अंगवळणी पडलाय. फौजदारी वकिलाच्या दृष्टीनं मात्र खटला इथून पुढे सुरू होतो, कारण पोलिसापुढची कबुली आपल्याकडे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३मध्ये ते आलं. आरोपीनं कोठडीत सुरा कुठे पुरलाय ते सांगितलं आणि तो तिथून निघाला, तर त्या शोधापुरतं त्याचं बोलणं ग्राह्य धरतात. बाकीचं जबानीत कितीही रंगलेलं असो, न्यायाधीश ते बाजूला ठेवणार.

गुन्हा कुणी केला याचा पोलिसाला अंदाज असतो; तो शाबीत होईल की नाही, हे वकिलाला कळतं. पोलीस ठाणं, सरकारी वकिलाची कचेरी किंवा कोर्ट यांत उमेदीची वर्षं घालवून कादंबरीकडे वळलेल्यांचं खरं भांडवल या दोन गोष्टींमधलं अंतर आहे, असं मला वाटतं.

भारतातलं जुनं नाव प्रियनाथ मुखोपाध्याय यांचं. कलकत्ता पोलिसांच्या गुप्तचर खात्यातल्या या अधिकाऱ्यानं १८९२पासून ‘दारोगार दप्तर’ ही कथामालिका चालवली. अनुभव अस्सल, पण कोर्ट त्यात नावापुरतं. लॉस एंजेलिसच्या जोसेफ वॉम्बॉचीही हीच गत. १९६० ते १९७४ तो तिथल्या पोलीस दलात होता. ‘द न्यू सेंचुरियन्स’ (१९७१) नोकरीत असतानाच आली आणि तो इतका गाजला की डिटेक्टिव्ह सार्जंट म्हणून काम करणं अशक्य झालं. त्याचं खरं सामर्थ्य ‘द अनियन फील्ड’मध्ये (१९७३) दिसतं, आणि ती कादंबरी नव्हे, सत्यकथा आहे. १९६३मध्ये एका पोलिसाचा खून होतो, त्याचा जोडीदार वाचतो, आणि वर्षानुवर्षं रेंगाळणारा खटला त्या वाचलेल्यालाच पोखरतो. पोलीस माणसानं कोर्टाचा राग इतक्या थंडपणे लिहिलेला क्वचितच वाचायला मिळतो.

न्यूयॉर्कच्या डोरोथी उह्नाकबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही. चौदा वर्षं ट्रान्झिट पोलिसांत काढलेल्या या बाईनं ‘द बेट’ (१९६८) या पहिल्याच कादंबरीवर एडगर पुरस्कार मिळवला. तिची नायिका क्रिस्टी ओपारा पोलीस डिटेक्टिव्ह असली तरी सरकारी वकिलाच्या पथकात काम करते. म्हणजे नेमकी त्या अंतरावरच उभी.

अर्ल स्टॅन्ली गार्डनर पोलिसात कधी नव्हता. १९११मध्ये तो कॅलिफोर्नियात वकील झाला आणि ऑक्सनर्ड गावात चिनी वस्तीतल्या अशिलांची बाजू लढवत राहिला. पेरी मेसनची पहिली कादंबरी १९३३ची. पुढे ऐंशीहून अधिक झाल्या. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात खुनी कोसळतो, ही मेसनची चलाखी वकिलांना हास्यास्पद वाटते. पण गार्डनर धूर्त होता. त्याचे कित्येक सामने ज्यूरीपुढे होतच नाहीत, प्राथमिक चौकशीतच उरकतात. सगळी गुंतागुंत तिथेच मिटवली की महिनोन् महिने चालणारा खटला लिहावा लागत नाही! मेसनच्या छायेत आपल्याकडेही वकील-नायक आला. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास जुन्या वाचकांना आठवत असेल. शिकागोत सरकारी वकिली केलेल्या स्कॉट टुरोनं ‘प्रिझ्यूम्ड इनोसंट’मध्ये (१९८७) सरकारी वकिलालाच आरोपी केलं. ते पुस्तक बहुतेकांनी वाचलंय, म्हणून पुढे जातो.

माझं मत इटलीच्या जानरीको कारोफील्योला. १९६१मध्ये बारी शहरात जन्मलेला हा गृहस्थ माफियाविरोधी सरकारी वकील होता. इटलीत सरकारी वकील तपासाची सूत्रंही हलवतो, त्यामुळे खाकी आणि काळा कोट तिथे जवळपास एकाच अंगावर असतात. उलटतपासावर त्यानं वकिलांसाठी पुस्तक लिहिलं, आणि २००२मध्ये कादंबरी लिहायला बसला तेव्हा नायक केला बचावाचा वकील, ग्विदो ग्वेरिएरी. रस्त्यावर माल विकणाऱ्या एका सेनेगली माणसावर लहान मुलाच्या खुनाचा आळ आहे. बारवाला साक्ष देतो की याला मी पाहिलं. ग्वेरिएरी आवाज चढवत नाही. तो काळ्या माणसांचे फोटो साक्षीदारापुढे ठेवतो. त्यात आरोपीचाही आहे. बारवाल्याला तो ओळखता येत नाही. साक्षीदार खोटारडा नाही, हेच त्या प्रसंगाचं मर्म. त्यानं जे पाहिलं असं त्याला वाटतं, तेच तो बोलतो. उलटतपास घेणाऱ्यांच्या समोर आयुष्यभर बसलेल्या माणसालाच असा प्रसंग सुचतो.

आपल्याकडे खाकी उतरवून काळा कोट घालणारे आहेत. महाराष्ट्र केडरचे आयपीएस वाय. पी. सिंग सीबीआयमध्ये होते, पुढे मुंबईत वकिली करू लागले, आणि पोलीस खात्यावर त्यांनी ‘कार्नेज बाय एंजल्स’ ही कादंबरी लिहिली. ती इंग्रजीत आहे आणि रहस्यकथाही नव्हे. बदल्या, हप्ते, वरिष्ठांची मर्जी हा तिचा विषय. निवृत्त अधिकाऱ्यांची आत्मकथनंही बरीच येतात. राकेश मारिया यांचं २०२०मध्ये आलं, मीरां बोरवणकरांचं २०२३मध्ये. ती खपतात, चर्चेत राहतात. पण आत्मकथनात तपास यशस्वीच व्हावा लागतो. कोर्टात तपासाचं जे होतं, ते लिहायला कादंबरीची मोकळीक लागते.

आणि मराठीत त्यासाठी भाषा तयार आहे. कुठल्याही सेशन कोर्टात तासभर बसा: मुद्देमाल, मेमोरंडम पंचनामा, सरतपास, फितूर साक्षीदार. आरोपी ‘स्वखुशीनं’ दोन पंचांसमक्ष निवेदन करतो, सगळे जीपमधून निघतात, तो झुडपातून सुरा काढतो, लाखेनं मोहोर लागते. आता जप्तीचं मोबाइलवर चित्रीकरणही करावं लागतं, त्यामुळे झुडपापाशी आधी कोण वाकलं याचा वाद पेनड्राइव्हवर जाईल. पण बचावाच्या वकिलाचा पंचाला पहिला प्रश्न अजून तोच असतो: याच पोलीस ठाण्याच्या किती पंचनाम्यांवर याआधी सही केलीत? पंच चहाच्या टपरीवरचा असतो, टपरी ठाण्याच्या फाटकाला लागून. सुरा खरा आहे, खूनही त्याच आरोपीनं केलाय. तपासी अंमलदार मागच्या बाकावर बसून ऐकतोय, आणि पंच उत्तर देण्याआधी त्याच्याकडे बघतो.