तोफेची गोष्ट : भाग ७ – श्रॅपनेल, माणूस आणि गोळा

‘श्रॅपनेल लागून जखमी’ ही ओळ युद्धाच्या बातम्यांत वारंवार येते. क्षेपणास्त्र असो वा हातबॉम्ब, फुटल्यावर उडणाऱ्या धातूच्या तुकड्यांना आज सरसकट श्रॅपनेल म्हणतात. हे मुळात एका ब्रिटिश अधिकाऱ्याचं आडनाव आहे. आणि त्याने बनवलेल्या गोळ्यात या तुकड्यांना जवळजवळ काहीच महत्त्व नव्हतं!

हेन्री श्रॅपनेल १७६१ साली इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनजवळ जन्मला. १७७९ मध्ये तो रॉयल आर्टिलरीत, म्हणजे ब्रिटिश तोफखान्यात, अधिकारी म्हणून दाखल झाला आणि लवकरच न्यूफाउंडलंडला गेला. १७८४ च्या सुमारास परतल्यावर त्याने स्वतःचे पैसे घालून प्रयोग सुरू केले.

त्याच्यापुढचा प्रश्न आपण मागच्या भागात पाहिला. शत्रूचं पायदळ अंगावर आलं, की गोलंदाज तोफेत छर्ऱ्यांनी भरलेला पत्र्याचा डबा घालत. तोफेच्या तोंडाशीच डबा फाटे आणि छर्रे पसरत. समोरची रांग कोसळे खरी, पण हा मारा जेमतेम ३०० ते ३५० यार्डांपर्यंतच. त्यापुढे छर्रे विखरून जात, त्यांचा जोर सरे.

मग डबा तोफेच्या तोंडाशी न फुटता शत्रूच्या जवळ जाऊन फुटला तर?

श्रॅपनेलने लोखंडी पोकळ गोळा घेतला. त्यात बंदुकीच्या गोळ्या ठासल्या आणि दारू मात्र थोडीच घातली, कवच फोडण्यापुरती. त्याच्या युक्तीचं सगळं मर्म या ‘थोडीच’मध्ये आहे. आतल्या गोळ्यांना वेग द्यायचा तो तोफेच्या बाराने. गोळा वेगात जात असतो, तेव्हा आतल्या गोळ्याही त्याच वेगात असतात. शत्रूच्या थोडं अलीकडे, हवेत कवच उकललं, की त्या तशाच पुढे झेपावतात आणि झाऱ्यातून पाणी पडावं तशा पसरत खाली येतात. दारू जास्त झाली, तर त्या वाटेल तिकडे उधळतात.

फुटण्याची वेळ साधायची ती लाकडी फ्यूजने. गोलंदाज अंतराचा अंदाज घेऊन ती हव्या त्या लांबीला कापत. अंदाज चुकला की बार वाया.

१७८७ मध्ये जिब्राल्टरला त्याने हा गोळा वरिष्ठांना दाखवला. सैन्याने तो स्वीकारला १८०३ साली. मधल्या सोळा वर्षांत श्रॅपनेल फ्लँडर्सच्या मोहिमेत लढला, १७९३ मध्ये जखमीही झाला. १८०४ मध्ये सुरिनाममध्ये डचांविरुद्ध हा गोळा पहिल्यांदा लढाईत वापरला गेला. १८०८ मध्ये पोर्तुगालमधल्या व्हिमेरोच्या लढाईत वेलिंग्टनच्या तोफखान्याने तो फ्रेंचांवर डागला. मोकळ्या मैदानात दाटीने चालून येणाऱ्या सैनिकांना त्याच्यापासून आडोसाच नव्हता.

१८१४ मध्ये सरकारने श्रॅपनेलला वर्षाला १,२०० पौंडांचं पेन्शन मंजूर केलं. १८१९ मध्ये तो मेजर जनरल झाला, १८३७ मध्ये लेफ्टनंट जनरल. १८४२ मध्ये तो वारला, तोवर लष्करी कागदांत त्याच्या गोळ्याचं नाव ‘स्फेरिकल केस’ असंच होतं. त्याचं आडनाव गोळ्याला अधिकृतपणे मिळालं ते १८५२ साली. हयातभर ज्या गोळ्यापायी तो खपला, त्याच्यावर आपलं नाव लागलेलं त्याला पाहता आलं नाही, याची हळहळ वाटते.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा ब्रिटिशांच्या १८ पौंडी तोफांकडे केवळ श्रॅपनेल गोळेच होते. एकेकात सुमारे ३७५ गोळ्या. पण शत्रू आता खंदकात उतरला होता आणि १९१६ मध्ये सोमच्या लढाईत काटेरी तारा तोडायलाही हे गोळे अनेक ठिकाणी अपुरे पडले. त्यांची जागा पुढे जबर स्फोटकांच्या गोळ्यांनी घेतली. त्यांचं कवचच चिंधड्या होऊन उडतं. मूळ गोळा वापरातून गेला आणि त्याचं नाव या तुकड्यांना चिकटलं.

पुढच्या आठवड्यात : १८५४ च्या इंकरमनच्या लढाईत जड तोफा हलवताना झालेले हाल वाचून न्यूकॅसलचे कारखानदार विल्यम आर्मस्ट्राँग तोफेच्या नळीकडे वळले, त्याची हकीगत.